नागड्यांची हजेरी

कायाता गावात कोण कोणाच्या घरचं आहे हे समजून घ्यायचं असेल तर सावडीच्या सकाळी टेकडीच्या पायथ्याशी जाऊन उभं राहावं. तिथल्या मोठ्या दगडापाशी सावडीची म्होरकी मुन्यिवा उभी असते आणि एकेका घराचं नाव पुकारते. ज्या घराचं नाव निघेल, त्या घरच्या माणसानं आपली कुदळ दगडावर आपटायची. ठण्ण! तोंडानं "आलो" म्हटलेलं चालत नाही. तोंडानं काय, माणूस अंथरुणातूनही म्हणतो. एका घराच्या नावावर दुसऱ्या घरानं कुदळ वाजवायची नाही, हा त्यातला सगळ्यात कडक नियम. नवी सून घरात आली हे आमच्याकडे लग्नानं ठरत नाही, कारण लग्नाला लोक जेवायला येतात. ती ज्या सकाळी सासरच्या नावावर कुदळ वाजवते, त्या सकाळी ठरतं. गुम्बाऊची सून महिन्याभरात माहेरी पळून गेली तेव्हा त्याची बायको कपाळ बडवून हेच म्हणत होती, "अगं बाई, अजून वाजवलीसुद्धा नव्हती गं तिनं!"

सावडीला आमच्याकडे म्वेथ्या म्हणतात. आज सगळ्यांनी मिळून माझ्या उतारावर चर खणायचा, माती वरच्या अंगाला टाकून बांध घालायचा, पुढच्या खेपेला तुझ्या उतारावर. इथली तांबडी माती उन्हात विटेसारखी होते आणि पावसात आंबिलीसारखी पळते. एकट्यादुकट्यानं तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

कीलूच्या घराचं नाव निघालं की मात्र नुसता वारा ऐकू यायचा. गंमत म्हणजे हजेरीचा दगड कीलूच्याच उताराच्या पायथ्याशी होता. आपलं नाव त्याला अंथरुणात स्पष्ट ऐकू यायचं. आई होती तोवर ती कुदळ वाजवायची. म्हातारी गेली आणि कुदळ दाराआड उभी राहिली ती उभीच. तसा कीलू वाईट माणूस नव्हता. दारू पीत नव्हता, कोणाच्या शेळीकडे वाकड्या नजरेनं बघत नव्हता. त्याला फक्त काम दिसलं की झोप यायची. पोटापाण्याचं म्हणाल, तर मोंबासाच्या हमरस्त्यावर एखादा ट्रक बिघडला की हा त्याच्याजवळ जाऊन उभा राहायचा. दुरुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण असा काही गंभीर चेहरा करून इंजिनात बघायचा की ड्रायव्हरला धीर यायचा, आणि धीर दिल्याबद्दल लोक काही ना काही हातावर ठेवतातच.

त्याच रस्त्यावर कातुंगेचं चहाचं खोपटं होतं. चाळिशीची विधवा बाई. हाताला चव, जिभेला धार. इतक्या मन लावून काहीही न करणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता. एके दिवशी तिला फिसकन हसू आलं. नवरा गेल्यापासून ती हसली नव्हती, म्हणून तिनं त्याच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. कीलू रोज यायला लागला. पुढं रीतीप्रमाणे कीलूकडून देजाच्या बकऱ्या पोचल्या, मामा-काकांनी माना डोलावल्या, आणि कातुंगे घर बघायला आली.

घराकडे तिनं नुसती नजर टाकली. मग मागच्या अंगाला जाऊन उभी राहिली. तिथं पावसाच्या पाण्यानं कापलेली खोल ओघळ होती.

"कीलू, ही गेल्या वर्षी कुठवर होती रे?"

"तिकडं, बाभळीपाशी."

"आणि आता?"

"आता आलीय जरा जवळ. तिलाही वाटत असेल, या घरात बाई येणार म्हणून बघायला—"

कातुंगे हसली नाही. "माझं पहिलं घर नदीत गेलं," ती म्हणाली. "मी बाहेर भांडी घासत होते म्हणून आहे. नवरा आत झोपला होता. मी हाका मारल्या. त्याची झोप गाढ होती." तिनं ओघळीकडे बोट केलं. "झोपलेल्या माणसाचं घर वाहून जाताना मी दुसऱ्यांदा बघणार नाही. थोरल्या पावसाच्या आत तुझ्या उतारावर चर पडला पाहिजे. नाहीतर बकऱ्या परत घेऊन जा."

रागानं बोलली असती तर कीलूनं थट्टेवारी नेलं असतं. पण ती साध्या आवाजात बोलली. त्याला ही बाई हवी होती. जन्मात पहिल्यांदा त्याला एखादी गोष्ट अशी हवी होती की दुपारची झोप उडाली.

चर खणायचा तर सावड हवी, आणि सावडीत तोंड दाखवायची सोय नव्हती. कीलू विचार करायला ओघळीत जाऊन बसला. विचार करता करता त्यानं टाच मातीत रोवली, आणि ओघळीच्या कडेचा एक लपका धप्पकन खाली आला. आत नागड्यांचं घर उघडं पडलं.

नागडे म्हणजे आमच्या तांबड्या मातीतले बोटाएवढे उंदीर. अंगावर केस नाही, कातडी सुरकुतलेली, डोळे असून नसल्यासारखे आणि दात ओठांच्या बाहेर. देवानं घरी जायच्या घाईत उरकलेलं काम. रताळी आतून पोखरतात म्हणून बायका त्यांना शिव्या घालतात, बाकी त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण बघत बसणं हा कीलूचा धंदाच होता. पुढचा नागडा दातांनी माती कुरतडत होता. त्याच्या मागचे ती रांगेनं पायांनी मागं सारत होते. आणि सगळ्यात शेवटचा ढुंगण वर करून भोकातून बाहेर उडवत होता. फुर्र, फुर्र. एखादा मध्येच थबकला की एक लांबलचक, पोटाळ मादी तरातरा यायची आणि त्याला नाकाडानं ढोसायची. ती स्वतः मातीच्या कणाला पाय लावत नव्हती. नुसती ढोसत फिरायची आणि सगळे मुकाट्यानं कामाला लागायचे.

"मुन्यिवा!" कीलूच्या तोंडून आपसूक निघालं.

बाजूच्या खोलीत काही लठ्ठ नागडे एकमेकांच्या अंगावर पडून घोरत होते. त्यांना कोणी ढोसत नव्हतं. हे कसं काय, असा कीलू विचार करतोय तोच उघड्या भगदाडातून एक बारकासा साप आत शिरला. त्याबरोबर ते लठ्ठ उठले, बाकीच्यांना मागं टाकून पुढं गेले आणि दात परजून सापाच्या तोंडावर उभे राहिले. मागच्यांनी तेवढ्यात मातीनं वाट बुजवून टाकली. कीलूचे डोळे भरून आले. आयुष्यभर लोक त्याला आळशी म्हणत आले होते. आळशी नव्हता तो! तो सापाची वाट बघत होता.

त्या आनंदात त्याला दुसरी गोष्ट सुचली. थेन्याआजीचा पाय मोडला होता त्या साली तिनं आपल्याऐवजी गाढव पाठवलं होतं. नाव पुकारल्यावर गाढवानं दगडावर खूर आपटला, दिवसभर दगड वाहिले, आणि मुन्यिवानं सगळ्यांसमोर निकाल दिला होता की घरचं जनावर म्हणजे घरच. हा निकाल कोणी विसरलं नव्हतं, गाढव तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी गोरखचिंचेच्या झाडाखाली सावडीतल्या बायका बसल्या होत्या. कीलू पुढं होऊन म्हणाला, "मुन्यिवामावशी, माझ्या घरची माणसं इतकी वर्षं सावडीला येतायत, पण तुम्ही त्यांची हजेरीच लावत नाही. हा अन्याय आहे."

"कोण माणसं? तुझ्या घरी तू आणि तुझी सावली. ती तरी उन्हात दिसते."

"नागडे. माझ्या जमिनीत जन्मले, माझी रताळी खातात, माझ्या घराखाली झोपतात. घरचं जनावर म्हणजे घरच, हे तुमचेच शब्द. या टेकडीची माती भुसभुशीत कोण करतं? तुमची कुदळ जिथं अलगद शिरते ना, तिथं माझ्या घरच्यांनी आधी दात लावलेले असतात."

गुम्बाऊ सावडीतला एकुलता एक मान्यवर पुरुष. कामाच्या ठेक्यावर शीळ वाजवायचा आणि मुथोकोईचं, म्हणजे उखळात कांडलेल्या मका-चवळीचं पातेलं सांभाळायचा. तो पोट धरधरून हसला. "मावशी, याला एक द्या सणसणीत."

मुन्यिवा हसली नाही. मुन्यिवाची हीच खोड. एकदा दिलेला निकाल ती स्वतःच्या लेकीसाठीसुद्धा फिरवत नसे. साठीची बाई, आडवा बांधा, आणि कोणी कामात रेंगाळला की ती बोलायची नाही, खांद्यानं ढकलायची. त्या खांद्यानं कायात्यातले अर्धे बांध उभे केलेत. "उद्या नाव पुकारू," ती म्हणाली. "वाजलं तर वाजलं."

धाकटा पाऊस नुकताच सरला होता, माती अजून ओली होती. सकाळी दगडापाशी सगळं गाव जमलं. ज्यांची सावड नव्हती तेही आले. मुन्यिवानं वर उताराकडे तोंड करून हाक दिली, "कीलूचं घर!"

फुर्र.

भोकातून ओंजळभर माती उडाली आणि घरंगळत खाली आली. गुम्बाऊनं डोक्यावरची टोपी काढली, मग आपण असं का केलं हे न कळून परत घातली.

"लागली हजेरी," मुन्यिवा म्हणाली. "पुढचं घर!"

तो दिवस कीलूनं जहागिरदारासारखा काढला. दुपारी पातेलं उघडलं तसा तोही वाडगा घेऊन ओळीत बसला. गुम्बाऊनं पळी वर धरली. "तू कोण?"

"मी कोण म्हणजे? कीलू!"

"कीलूच्या घरचं कोण आलंय कामाला?"

"नागडे."

"मग नागडे जेवतील." असं म्हणून त्यानं चढ चढून एक पळीभर मुथोकोई भोकाच्या तोंडाशी ओतलं. थेन्याआजीची कोंबडी आली आणि कीलूच्या डोळ्यांदेखत सगळं फस्त करून गेली. कीलूनं तक्रार केली. मुन्यिवा म्हणाली, "पाहुण्याला वाढायचं की नाही हे यजमानानं ठरवावं. नागड्यांची काही तक्रार आहे का?" नागड्यांची काही तक्रार नव्हती.

कीलूनं मनात म्हटलं, असू दे. चार दिवस उपाशी, पण चर तर पडेल. आणि तसं सुरुवातीला सुरळीत चाललं. नाव निघायचं, फुर्र व्हायचं. लांबच्या गावचे लोक ऐकायला यायचे. मग ऊन तापलं, माती कडक झाली आणि नागडे खोल गेले. नाव पुकारलं तर पुन्हा पहिल्यासारखा वारा.

"गैरहजर," मुन्यिवा म्हणाली. "दंड एक कोंबडी."

"मावशी, नागड्यांकडे कोंबडी कुठनं येणार?"

"घरच्या माणसाकडनं."

कोंबडी गेली. पुढच्या खेपेला दुसरी गेली. आपली अक्कल आपल्याच अंगाशी येतेय हे कीलूला दिसत होतं, पण कोंबड्या संपायच्या आत पाळी येईल या आशेवर तो गप्प बसला. त्यातच कोणीतरी मुन्यिवाच्या कानावर घातलं, की यानं त्या उंदरांच्या राणीचं नाव मुन्यिवा ठेवलंय. कीलूची पाचावर धारण बसली. तिनं त्याला समोर उभं केलं.

"काय करते ती?"

"कोण, मावशी?"

"मी. भोकातली."

"ती... ढोसते. कोणी थांबला की नाकानं ढोसते."

"स्वतः खणते?"

"नाही."

"लेकरं किती?"

"मोजता येत नाहीत, मावशी."

मुन्यिवानं मान डोलावली. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि शेजारी दात कोरत उभ्या असलेल्या गुम्बाऊला खांद्यानं असं ढकललं की तो थेट चरात जाऊन पडला.

अखेर कीलूच्या घराची पाळी आली. आदल्या दिवशी अवेळी भुरभुर झाली होती, हवेत मातीचा वास होता. कातुंगेला सकाळीच निरोप गेला होता. कीलू अंघोळ करून, आईची कुदळ घासूनपुसून दगडापाशी हजर झाला. कुदळ त्यानं शोभेला आणली होती.

"इथनं चर सुरू करा, मावशी," तो म्हणाला. "बाभळीपासून असा थेट."

"थांब," मुन्यिवा म्हणाली. "पाळी कोणाची?"

"माझ्या घराची."

"गाढवानं सावड केली तेव्हा आपण काय बांधलं? थेन्याचं घर शाकारलं का?"

"नाही," थेन्याआजी म्हणाली. "गाढवाला सावलीचं छप्पर घातलं. माझं घर अजून गळतंय."

"म्हणजे ज्यानं घाम गाळला त्याची पाळी."

"नागड्यांना घाम येत नाही!" कीलू ओरडला.

"मग तुझ्याच घरचे रे बाबा, शंकाच नको," बायकांतून आवाज आला आणि ठो ठो हशा उठला.

मुन्यिवानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. हा प्रश्न तिच्या लेखी हसण्यावारी न्यायचा नव्हता. सावडीत कोणावर त्याच्या इच्छेविरुद्ध चर लादायचा नाही, हाही नियमच होता. ती भोकाजवळ जाऊन वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "बायांनो, बाप्यांनो, तुमच्या उतारावर चर खणायचा म्हणतोय हा. तुमच्या बिळांचे दोन तुकडे होतील. कबूल असेल तर गप्प राहा. नसेल तर बोला."

कीलू मनातल्या मनात आईला हाका मारत होता.

फुर्र. थोडं थांबून, कोणाला ऐकू आलं नसेल म्हणून जणू, आणखी एकदा फुर्र.

"नाही म्हणतायत," मुन्यिवा म्हणाली. सावड त्या दिवशी शेजारच्या उतारावर गेली.

कीलू तिच्या मागं मागं गेला. चारी मुंड्या चीत झाला होता, पण शेवटचा पत्ता त्याच्याकडे होता. सापाची सगळी हकीकत त्यानं सांगितली. ते लठ्ठ कसे झोपतात, त्यांना कोणी का ढोसत नाही, वेळ आली की कसे उठतात. "मी तसला आहे, मावशी. मला खणायला लावू नका. मला सापासाठी ठेवा. आणि त्याच्या बदल्यात माझी स्वतःची पाळी द्या. नागड्यांशी माझा काही संबंध नाही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मुन्यिवानं बराच वेळ विचार केला. चर खणताना दगडाखालून साप निघायचे, ही गोष्ट खरी होती. "ठीक," ती म्हणाली. "रोज यायचं, झाडाखाली झोपायचं. साप निघाला की उठायचं."

कायात्याच्या इतिहासात झोपेची नेमणूक मिळालेला कीलू पहिलाच. तो रोज वेळेवर यायचा, सगळ्यांच्या आधी. सावलीत पडायचा आणि मनापासून घोरायचा. बायका खणता खणता त्याच्याकडे बघायच्या आणि दात-ओठ खायच्या. मग एके दिवशी थेन्याआजीनं एक धोंडा उलटला आणि खालून हाताएवढा जाड साप फुस्स करत बाहेर आला. म्हातारीचा पाय अधू, तिला हलता येईना.

"कीलू!" साऱ्या एकदम ओरडल्या. "साप!"

कीलू उठला. अगदी ताडकन उठला. साप पाहिला. नागड्यांची एक गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती, की ते जितक्या वेगानं पुढं पळतात तितक्याच वेगानं उलटे पळतात. तोंड सापाकडे ठेवून कीलू उलटा पळाला, तो थेट ओढा ओलांडून पलीकडे. इकडे गाढव शांतपणे पुढं आलं, त्यानं सापावर एकदा खूर आपटला, दुसऱ्यांदा आपटला आणि परत दगडांकडे गेलं.

कीलू ओढ्याच्या पलीकडून हे सगळं बघत होता. त्याला कोणी हाक मारली नाही. हसलंही नाही कोणी, हे त्याला जास्त लागलं. थेन्याआजी गाढवाच्या मानेवर डोकं टेकून उभी होती. लहानपणी याच म्हातारीनं त्याला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडला होता.

बातमी त्याच्याआधी हमरस्त्यावर पोचली. तो खोपटात येऊन बसला. कातुंगेनं चहा दिला. त्यानं तो संपवला. नंतर तिनं हात पुढं केला. कशासाठी हे त्याला आधी कळलंच नाही.

"चहाचे," ती म्हणाली.

त्यानं खिसे चाचपून पैसे दिले. तिनं ते डब्यात टाकले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. बाहेर एक ट्रक बिघडून उभा होता, ड्रायव्हर कीलूकडे आशेनं बघत होता. कीलू त्याच्या शेजारून निघून गेला. इंजिनात डोकावलासुद्धा नाही.

पुढच्या सावडीला मुन्यिवानं नाव पुकारलं, "कीलूचं घर!" आणि सवयीनं उताराकडे तोंड केलं. ठण्ण असा आवाज दगडावर झाला. सगळ्यांच्या माना वळल्या. कीलूनं आईची कुदळ आपटली होती, इतक्या जोरात की दांडा निखळून गुम्बाऊच्या पायावर पडला.

त्याला शेवटची जागा मिळाली. चराच्या तळातून उसपलेली माती फावड्यानं डोक्याच्याही वर, बांधावर फेकायची. हे काम नव्या माणसाला देतात, कारण जुना माणूस ते घेत नाही. थेन्याआजीचं गाढव त्याच्या वरच्या पायरीवर होतं, त्याला दिवसात दोनदा सावली मिळायची. कीलूची अर्धी माती पहिल्या दिवशी त्याच्याच डोक्यावर परत पडली. दुपारपर्यंत हाताला फोड आले, संध्याकाळपर्यंत फुटले. थबकला की मुन्यिवाचा खांदा यायचा. तिनं त्याला इतकं ढकललं की पाठीचा एक भाग काळानिळा झाला, पण एकदाही वाईट बोलली नाही. कामानंतर सगळी सावड गोरखचिंचेखाली एकमेकांना टेकून आडवी व्हायची. कोणाचे पाय कोणाच्या पोटावर, कोणाचं डोकं कोणाच्या खांद्यावर. कीलू त्या ढिगात पडला आणि त्याला झोप लागली. ही झोप वेगळी होती. ती त्याला आवडली, आणि याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

तो हमरस्त्याकडे फिरकला नाही. काय तोंड घेऊन जाणार? डोंगरामागं ढग साठायला लागले तसा तो माती फेकता फेकता आभाळाकडे बघू लागला. चर पडला नाही तर बकऱ्या परत येतील, आणि बकऱ्यांशी तो काय बोलणार होता?

ढग अगदी टेकडीला टेकले तेव्हा त्याची पाळी आली. नागड्यांचा नकार तसाच कायम होता, आणि मुन्यिवा तो मोडणार नव्हती. तिनं उतारावर दोन चकरा मारल्या, भोकांभोवती काठीनं रेघ ओढली. "दोघंही एकाच घरचे," ती म्हणाली. "दोघांचंही राहील. चर बाभळीपासून निघेल, इथं यांच्या बिळांना वळसा घालेल आणि पुढं सरळ जाईल. वळशाच्या बांधावर रताळी लावायची. ती नागड्यांची."

"बांधाला पोट येईल, मावशी!" गुम्बाऊ म्हणाला. "सरकारी साहेब बघून काय म्हणेल?"

"म्हणू दे, गरोदर आहे." तो बांध अजून तसाच आहे आणि साहेब दरवर्षी विचारतो, हे पोट कसलं.

सगळे दगडापाशी उभे राहिले. मुन्यिवानं एकेक घर घेतलं. ठण्ण, ठण्ण. मग तिनं कीलूकडे पाहिलं.

"कीलूचं घर!"

कीलूनं कुदळ वर उचलली. ती वरच असताना त्याच्या पाठीमागून आवाज आला. ठण्ण.

कातुंगे उभी होती. हमरस्त्यापासून चालत आली होती, पायांवर तांबडी धूळ, हातात कोणाची तरी मागून आणलेली कुदळ. दगडावर तिच्या घावाची पांढरी खूण उमटली होती.

"कोणाच्या घरची?" मुन्यिवानं विचारलं. रीतच होती विचारायची.

"कीलूच्या," कातुंगे म्हणाली.

थेन्याआजीनं तोंडाला हात लावला. कीलूची कुदळ अजून वरच होती. मुन्यिवा आली, तिनं त्याला खांद्यानं ढकललं, तेव्हा ती खाली आली आणि तीही वाजली. आणि उतारावरून, तिसरी, फुर्र.

"हो, हो, तुमचीही लागली," मुन्यिवा वर बघून म्हणाली. "चला, कामाला!"

बायका हसत, एकमेकींना कोपरानं ढोसत चढाला लागल्या. कीलू तिथंच उभा होता. "अजून चर पडला नाहीये, कातुंगे," तो हळूच म्हणाला. "पाऊस कधीही येईल. घर अजून तसंच आहे."

कातुंगेनं त्याचे तळहात उलटे करून पाहिले. फोड सुकले होते, त्यांच्या जागी घट्टे आले होते.

"पडेल की," ती म्हणाली. "तू जागा आहेस ना."

मग तिनं कमरेचं कापड घट्ट आवळलं आणि सगळ्यांच्या मागोमाग चढ चढायला लागली.